ओळीवर माणूस असताना

नेविल टनिक्लिफच्या शर्टावर पाठीमागे मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'चक्रीवादळ' असं लिहिलेलं होतं. वादळाचं वय छप्पन्न. गुडघ्यांत वात. खुर्चीतून उठायचं झालं तर वादळाला दोन्ही हातांचा टेकू आणि एक लांबलचक 'आई गं' लागायचं. पण डार्टच्या धंद्यात नाव दणदणीत असावं लागतं, नाहीतर लोक ढुंकून बघत नाहीत. तसे त्याच्या नावाकडेही बघत नव्हतेच.

बावीस वर्षं तो पैसे घेऊन बाण मारत होता. त्यात टीव्हीवर दिसला एकदाच, चार मिनिटं. खेळाडू स्टेजवर येताना त्याच्या आवडीचं गाणं वाजवायची पद्धत असते. नेविलने ढोलताशांचं, छाती फुगवणारं गाणं निवडलं होतं. यंत्रावरच्या माणसाने भलतंच बटण दाबलं आणि चक्रीवादळ स्टेजवर अवतरलं ते बाळांना निजवायच्या अंगाईवर. त्याच्या गावी, स्टोकमध्ये, अजून कुणी ना कुणी त्याला रस्त्यात गाठून ती अंगाई गुणगुणतं. तोही हसतो. करणार काय?

तर असा हा नेविल मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेला क्रू गावच्या एका क्रीडागृहात उभा होता, आणि त्याचं टूर कार्ड पणाला लागलेलं होतं. टूर कार्ड म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा, दोन वर्षं चालतो. तो खिशात असला तर तुम्ही व्यावसायिक खेळाडू. नसला तर पबमध्ये बाण मारणारे एक जाडे गृहस्थ. नेविलचे आकडे इतके काठावर आले होते की हा सामना जिंकला तर कार्ड राहणार, हरला तर जाणार. आणि कार्ड गेलं की मेहुण्याच्या, रॉनच्या गालिच्यांच्या दुकानात नोकरी. रॉनने आधीच त्याच्यासाठी दुकानाचा टाय आणून ठेवला होता. जांभळा.

समोर होता ग्विलिम प्रॉसर. वेल्सचा, त्रेसष्ट वर्षांचा, काटकुळा. कोळशाची खाण बंद पडल्यापासून फक्त डार्ट आणि कबुतरं. त्याच्या पाठीवर 'खाटीक' लिहिलं होतं, पण तो माशीसुद्धा खिडकी उघडून बाहेर सोडायचा. त्याचं कार्ड केव्हाच गेल्यात जमा होतं. ही स्पर्धा झाली की तो कायमचाच थांबणार होता. त्यामुळे तो अगदी निवांत होता, आणि निवांत माणसासारखा वाईट प्रतिस्पर्धी नाही.

अकरा डावांत सहा जिंकणारा पुढे जाणार. झाले पाच-पाच. अकरावा डाव निर्णायक, आणि त्यात पहिले बाण नेविलचे. सुरुवातीला मधल्या लाल ठिपक्यावर एकेक बाण मारून ठरवतात, की पहिला डाव कुणी सुरू करायचा. तो मान नेविलने मिळवला होता. मग आळीपाळीने तिसरा त्याचा, पाचवा त्याचा, तसा अकरावाही त्याचा. पहिले बाण आपले असले की अर्धी लढाई आपली. नेविलने चष्मा नाकावर सारला, बाण उचलले...

आणि आगीची घंटा वाजली.

आगबीग काही नव्हती. कँटीनवाल्या बाई बेकन तव्यावर टाकून सामना बघायला आल्या होत्या. बेकनने आपल्या परीने निषेध नोंदवला. पण नियम म्हणजे नियम. शंभरावर डार्टवाले, सगळे भडक शर्टातले, नोव्हेंबरच्या रिमझिमीत गाड्यांच्या मैदानात उभे राहिले. प्रत्येकाचा एक हात काखेत. बाण मारायचा हात गार पडता कामा नये ना! लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, इथे काखेला गळू झालेल्यांचं संमेलन भरलंय.

बावीस मिनिटांनी सगळे आत. गारठ्यातून उबेत आल्याबरोबर नेविलच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, फुंकर मारली, परत पुसला. डोळ्यांवर चढवला, तर समोर ग्विलिम बाण मारायच्या ओळीवर उभा, आणि त्याचा पहिला बाण तिहेरी विसात, म्हणजे साठ गुणांच्या पट्टीत, रुतलेला.

"अरे..." नेविल म्हणणार होता, पण तो शब्द दातांच्या अलीकडेच थांबला.

कारण ओळीवर माणूस असताना बोलायचं नसतं. हे नेविलला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते अंगावरच्या केसांसारखं आपोआप आलेलं होतं. त्याच्या गल्लीतल्या पबचा मालक एकदा जिन्यावरून गडगडत खाली आला. नडगीचं हाड मोडलं. पण ओळीवर माणूस होता, म्हणून तीन बाण पूर्ण होईपर्यंत पठ्ठ्या कण्हला नाही. तिसरा बाण लागल्यावर मग त्याने जी बोंब ठोकली ती पुढच्या चौकात ऐकू गेली.

नेविलने ठरवलं, तीन होऊ देत, मग सांगू.

दुसरा बाण तिहेरी विसात. तिसराही. एकशेऐंशी. यापेक्षा जास्त तीन बाणांत होतच नाहीत.

ग्विलिम बाण उपटून परत आला. आता बोलायला हरकत नव्हती. पण नेविलच्या डोक्यात भलताच गुंता झाला. ग्विलिमचे जेमतेम सव्वीस झाले असते तर बोलायची गरज नव्हती, आणि एकशेऐंशी झाले म्हणून बोलायची सोय नव्हती. आता तोंड उघडलं तर सगळे म्हणणार, म्हाताऱ्याने भारी मारले म्हणून याच्या पोटात दुखतंय. गुण लिहायच्या फळ्यापाशी बसलेला पंचही भिजलेले मोजे काढून हीटरवर वाळत घालण्यात गुंग होता. त्याला कुणाची पाळी, काय पत्ता!

"जा रे चक्रीवादळा," मागून कुणीतरी म्हणालं, "की अंगाई लावू?"

नेविल ओळीवर गेला आणि शंभर मारून आला. वाईट नव्हते.

ग्विलिम पुन्हा उभा राहिला. साठ. साठ. साठ.

आता हॉलमध्ये काहीतरी बदललं. सोळा बोर्डांवर एकाच वेळी सामने चालू होते, ठक ठक ठक असा पाऊस पडल्यासारखा आवाज होता, तो एकेका कोपऱ्यातून थांबत आला. पाचशे एकपासून शून्यावर यायला कमीत कमी नऊ बाण लागतात. नऊच्या नऊ अचूक. त्यातले सहा ग्विलिमने मारले होते. आयुष्यभर रोज खेळणाऱ्यांच्या वाट्यालाही हे येत नाही. ग्विलिमच्या आलं नव्हतं, नेविलच्या तर स्वप्नातही सातवा बाण हुकायचा. शेजारच्या बोर्डावरचे दोघे आपला सामना अर्धवट टाकून आले. कँटीनच्या बाई पुन्हा आल्या, दुसरं बेकन वाऱ्यावर सोडून.

आता बोलणं? आता बोलणं म्हणजे लग्नात अंतरपाट धरलेला असताना मध्ये घुसून नवरदेवाकडे उसने कप परत मागणं.

पण आधी नेविलला स्वतःचे तीन बाण मारायचे होते, आणि तेही चटकन, म्हणजे समोरच्याची लय तुटणार नाही. त्याने जवळजवळ न बघताच मारले. साठ, साठ, वीस. एकशेचाळीस! वर्षभरात त्याच्या हातून इतके सुरेख तीन बाण सुटले नव्हते. एकाही माणसाने बघितले नाहीत. सगळे ग्विलिमच्या कोपराकडे बघत होते.

ग्विलिम ओळीवर आला. एकशेएक्केचाळीस उरलेले.

सातवा बाण तिहेरी विसात गेला. त्याचा आवाजसुद्धा वेगळा आला. ओल्या मातीत बी पडावं तसा.

आठवा तिहेरी एकोणिसात. कुणीतरी श्वास घेतला आणि सोडायचा विसरला.

राहिले चोवीस. म्हणजे दुहेरी बारा, कारण डाव दुहेरीवरच संपवावा लागतो. बोर्डाच्या कडेला बाराच्या घरावरची ती बारीक पट्टी, करंगळीच्या नखाएवढी रुंद, आठ फुटांना तीन इंच कमी एवढ्या अंतरावरून. नेविलने हे घर हजारो वेळा हुकवलं होतं, त्याला त्याची चांगलीच ओळख होती. त्याच्या लक्षात आलं, की हा बाण लागला तर आपलं कार्ड गेलं. आणि त्याच्याही पुढे एक गोष्ट लक्षात आली, जिने तो हादरलाच. आपण मनातल्या मनात 'लाग, लाग' म्हणतोय.

ग्विलिमचा हात मागे गेला. खाण, कबुतरं, त्रेसष्ट वर्षं, सगळं कुठेतरी गळून पडलं होतं. नुसता हात होता. बाण सुटला तेव्हा घाई केल्यासारखा वाटला नाही. आपल्या घरी जायला निघाल्यासारखा गेला, आणि पट्टीच्या बरोब्बर मधोमध जाऊन थांबला.

छप्पर उडालं! पंच एका मोज्यावर नाचला. ग्विलिम गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडला. नेविलने त्याला उचललं आणि मिठी मारली. दोघांपैकी कोण कुणाला धरून उभं होतं ते सांगणं कठीण होतं.

तेवढ्यात स्पर्धेच्या प्रमुख, ओड्री पिकरिंग, कागद घेऊन आल्या. बाई पूर्वी पोस्टात होत्या. रकाना रिकामा दिसला की त्यांना झोप लागायची नाही. "नऊ बाणांचा डाव झाला की वेगळा फॉर्म भरावा लागतो," त्या म्हणाल्या. "डावाची सुरुवात कुणाची होती?"

"माझी," ग्विलिम डोळे पुसत म्हणाला. मग थांबला. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. त्याचा चेहरा उतरला. "नाही. याची होती."

ओड्रीबाईंचं पेन रकान्यावरच थांबलं.

"लेका नेव," ग्विलिम म्हणाला, "तू गप्प का बसलास?"

"तू ओळीवर होतास."

"तीन बाण मारून परत आलो तेव्हा?"

"तेव्हा एकशेऐंशी झाले होते."

"मूर्खा, तुझं कार्ड आहे ना यावर!"

"माहितीये मला. माझंच आहे."

ओड्रीबाईंनी पर्समधून नियमांचं पुस्तक काढलं, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली आणि वाचून दाखवलं: चुकीच्या खेळाडूने सुरुवात केली आणि डाव संपेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर निकाल कायम. मात्र दोन्ही खेळाडू राजी असतील तर डाव पुन्हा खेळता येईल.

"मी राजी आहे," ग्विलिम लगेच म्हणाला. "पुन्हा खेळू."

"मी नाही," नेविल म्हणाला.

"अरे पण तुला फायदा आहे!"

"असू दे. डाव झाला. मी बघितला."

"मी चोरीचा डाव घेणार नाही!"

"आणि मी तो पुसू देणार नाही!"

दोघं म्हातारे छातीला छाती लावून उभे राहिले. ओड्रीबाई म्हणाल्या, "तीस वर्षांत माझ्याकडे जिंकण्यासाठी भांडणारे खूप आले. हरण्यासाठी मारामारी पहिल्यांदाच बघतेय. आधी कोण ठोसा मारणार, तेही पुस्तकात बघू का?"

मागून एकजण ओरडला, "नेव, खेळ रे! गालिचे विकणारेस का?" दुसरा म्हणाला, "जांभळा टाय शोभेल त्याला!" सगळे हसले. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यात नेविल डगमगला. त्याला रॉन दिसला. टाय दिसला. दुकानात येणारी गिऱ्हाइकं अंगाई गुणगुणताना दिसली. हात तर आज काय लागला होता! एकशेचाळीस मारणारा हात. पुन्हा खेळलं तर जिंकेलही.

"ठीक," तो घसा खाकरून म्हणाला. "खेळू."

"शाब्बास," ओड्रीबाई म्हणाल्या. "मग ते बाण काढा आणि फळा पुसा."

ग्विलिमचे शेवटचे तीन बाण अजून बोर्डातच होते. त्याला काढायला सांगितलं, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणून नेविल पुढे गेला. आठ फुटांना तीन इंच कमी चालत गेला आणि बाराच्या घरासमोर उभा राहिला. इतक्या जवळून ती पट्टी आणखीच बारीक दिसत होती. त्यात तो बाण होता. डावीकडे जेवढी जागा, उजवीकडे तेवढीच. जणू बोर्ड बनवणाऱ्याने आधी बाण लावला आणि मग त्याच्याभोवती पट्टी रंगवली. नेविलने बाणाला हात लावला.

बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"काय झालं?" ओड्रीबाईंनी विचारलं.

"निघत नाही."

"एवढा घट्ट बसलाय?"

"बाण नाही हो," नेविल म्हणाला. "हात निघत नाही माझा."

मग तो वळला, ग्विलिमचा हात हातात घेतला आणि जोरात हलवला. डार्टमध्ये हात मिळवले की सामना संपला. त्याला पुस्तकातलं पानही लागत नाही. ग्विलिमने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण चक्रीवादळाची पकड होती ती.

सगळं झाल्यावर नेविलने बायकोला फोन लावला. डोरीन स्टोकच्या महिला संघात तीस वर्षं खेळलेली. लपवाछपवी तिच्यापुढे चालत नाही.

"हरलास?" तिने विचारलं.

"हरलो."

"कार्ड?"

"गेलं." आणि मग त्याने एका दमात सगळं सांगितलं, बेकनपासून हातापर्यंत.

सांगून झाल्यावर नेविलने फोन कानापासून लांब धरला. त्याला वाटलं, आता येतंय.

"दुहेरी बारा," डोरीन सावकाश म्हणाली. "कुठे लागला? पट्टीच्या तारेला चिकटून?"

"मधोमध."

"मधोमध म्हणजे अगदी मधोमध?"

"डोरीन, देवाशपथ."

मग गाडीच्या किल्ल्या खुळखुळल्या. "अर्ध्या तासात पोचते. मी बघेपर्यंत तो बाण काढू देऊ नकोस कुणाला!"

ओड्रीबाई पुढच्या सामन्यासाठी त्या बोर्डाकडे येतच होत्या. नेविल टनिक्लिफ, मघापर्यंतचा व्यावसायिक खेळाडू, बोर्डाला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"बाजूला व्हा, मिस्टर टनिक्लिफ."

"जमणार नाही, बाई," तो म्हणाला. "बायको निघालीये."

ग्विलिम त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि त्यानेही हात पसरले.