आतून लावलेली कडी

“बाथरूमची आतली कडी तेवढी आजच काढून टाका,” असं समुपदेशक बाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या. घरातल्या ताईनं ते हसण्यावारी नेलं. “अहो, कडेवरचं मूल आहे मला. दिवसातून दोन मिनिटं दार लावून बसायला मिळतं, तेही काढून घेता का?”

मित्रांनो, ती कडी म्हणजे मी. मी एक जुनी पितळी कडी आहे. आता वाकले आहे आणि स्वयंपाकघराच्या खणात संपलेल्या सेलांच्या शेजारी पडून असते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे मला ओतलं, घासलं, चकचकीत केलं. सुतारकाकांनी मला लांब स्क्रूंनी दाराला बसवलं, ओढून पाहिलं आणि म्हणाले, “दार मोडेल, पण ही बया हलायची नाही.” त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं तोऱ्यात राहिले.

माझं काम साधं होतं. आतल्या माणसाला एकटं राहू द्यायचं आणि आतलं बाहेर सांगायचं नाही. ताई रडायची ती माझ्याच भरवशावर. बाहेरून बाळ दार बडवायचं, की ती नळ सोडून तोंड धुवायची. निवांत फोनही तिथूनच करायची. घरातलं पुष्कळसं मला तसंच कळलं.

मग तिची धाकटी बहीण राहायला आली. सगळे तिला छोटी म्हणत. छोटी सकाळी ताईच्या गळ्यात पडून म्हणायची, “तू नसतीस तर मी कुठे गेले असते ग!” आणि संध्याकाळी, ताईनं हाकेला ओ द्यायला जरा उशीर केला एवढ्यावरून, “मी नकोच आहे ना तुला? सरळ सांग की!” मग ती आत यायची, मला लावायची आणि धुण्याच्या सोड्याच्या डब्यामागून बाटली काढायची.

ताईनं धावपळ केली नाही असं नाही. व्यसनमुक्ती केंद्रानं सांगितलं, आधी मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मनाचे डॉक्टर म्हणाले, आधी दारू बंद करा, मग बघू. ताई आत बसून फोनवर नवऱ्याला म्हणाली, “एक म्हणतो आधी तिकडे, दुसरा म्हणतो आधी इकडे. आपण काय रस्त्याच्या मधोमध तंबू ठोकायचा?”

शेवटी एका दवाखान्यात दोन्ही एकत्र बघणारी माणसं भेटली. त्या समुपदेशक बाई तिथल्याच. त्यांनी सांगितलं, छोटीला व्यक्तिमत्त्व विकार आहे. म्हणजे ती वाईट नाही, नाटकीही नाही. इतरांना जिथे ओरखडा उठतो, तिथे तिला जखम होते. ती जखम बधिर करायला ती पिते. “दोन्हींवर एकदम काम करायचं. एक अर्धवट सोडलंत, तर ते दुसऱ्याला परत ओढून आणेल.” आणि जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी ते कडीचं सांगितलं.

पुढे दारू सुटली. छोटी बाळाला आंघोळ घालताना बादलीचा ढोल करायची. घर हसायला लागलं. तेव्हाच ताई म्हणाली, “दारू तर गेली. आता नुसतं बोलायला दर आठवड्याला एवढ्या लांब कशाला जायचं?”

छोटी हसत म्हणाली, “ताई, दारू माझं औषध होतं ग. औषध बंद झालंय. दुखणं आहे तिथेच आहे.”

“झालं तुझं सुरू!” म्हणत ताईनं बाळाचे कपडे पिळायला घेतले. दवाखान्यात जाणं थांबलं. मीही दारावर तशीच राहिले.

एका दुपारी ताई बाळाला लस द्यायला निघाली. छोटीनं चपला घातल्या होत्या. “तू राहा घरी, तुला कशाला दगदग,” ताई म्हणाली. मायेनंच म्हणाली. छोटीला ते कसं ऐकू गेलं कुणास ठाऊक. ताई गेल्यावर ती खाली जाऊन आली, तेव्हा तिच्या हातात बाटली होती. आत येऊन तिनं मला लावलं.

आत काय झालं ते मी सांगणार नाही. ते माझं काम नव्हे. नळ मात्र वाहत राहिला आणि पाणी दाराखालून बाहेर गेलं. ताई परतली तेव्हा बाळ त्या पाण्यात बसून हात आपटू लागलं. “मावशी, पाणी!”

“छोटे, ओ दे! नुसतं हूं म्हण ग!” ताई दार बडवत होती. शेजारचे काका खांद्यानं धडका देत होते. आणि मी धरून होते, मित्रांनो. लांब स्क्रू, जाड पितळ. त्या दिवशी मी माझं काम अगदी चोख केलं.

अखेर लाकूड फाटलं, मी वाकले, दार उघडलं. छोटी वाचली. थोडक्यात वाचली.

दोन्ही उपचार पुन्हा सुरू झाले. त्या दाराला नवी कडी लावली नाही. बाहेरच्यानं टकटक करायची, आतल्यानं “आहे!” म्हणायचं, अशी घराला सवय लागली. छोटीचे भावोजी तोंडाला फेस फासलेला असतानाही “आहे, आहे!” ओरडायचे. छोटी म्हणायची, “आहे ग बाई, अजून आहे!” त्यावर सगळे हसायचे, पण जरा उशिरा.

आता छोटी नोकरीसाठी दुसऱ्या गावी एका खोलीत राहते. निघताना तिनं मला खणातून उचललं, तळहातावर तोललं आणि परत ठेवलं. तिकडेही ती दवाखान्यात जाते. कधी घसरते, कधी सांगते, कधी सांगत नाही. तिच्या खोलीच्या दाराला कडी असेलच. नवी, सरळ, मी होते तशी पक्की.

कालपासून ती फोन उचलत नाही. ताईनं भाजी चिरताना लावला, बाळाला भरवताना लावला. आज सकाळी बाळाला शेजारच्या काकूंकडे देऊन ती घरातल्याच चपलांनी छोटीच्या गावची बस पकडायला धावली. खण उघडाच राहिला आहे.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, जे आता बरं आहे असं सगळे म्हणतात. दारू सुटली का, एवढंच विचारून परत फिरू नका. आजच जा. त्यांच्या दारावर टकटक करा, आणि आतून “आहे” असं ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका.