उन्हाच्या मलमाची वाटणी

डॉक्टर मगेसांनी चिमट्यातला कापूस दोतोच्या डाव्या कानाच्या कडेला टेकवला, तशी ती स्टुलावर आकसली. कापूस लाल होऊन बाहेर आला.

"ही जखम कधीपासून आहे?"

"पावसाच्या आधीपासून. खपली धरते, पडते, पुन्हा धरते."

तिच्या कपाळावरचे, नाकावरचे खरखरीत चट्टे त्यांनी गार फवारा मारून गोठवले. बेटावर आले की दर फेरीला ते तेच करायचे. कानावर मात्र त्यांनी फवारा धरला नाही. खुर्ची मागे सरकवून त्यांनी दोतोला विचारलं.

"उन्हापासून जपायचं मलम लावतेस का?"

"रोज लावते. सकाळी लावते, दुपारी पुन्हा लावते."

"रोज लावणाऱ्याचा कान असा होत नाही, दोतो. म्वांझा शहराहून होडीत खोकी घालून आम्ही ते इथवर आणतो. फुकट मिळतं म्हणून त्याची किंमत नसते का?"

दोतोने आईकडे बघितलं. आई दाराशी उभी होती. आता ती सांगेल, असं दोतोला वाटलं. रोज सकाळी हातात मलमाची बाटली घेऊन दोतो अंगणात बसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"विसरते हो ती, डॉक्टर," आई म्हणाली. "शिवणाला बसली की तिला कशाचं भान राहत नाही."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. उन्हाने झालेला कर्करोग दिसतोय, कान कापावा लागेल, म्वांझाच्या मोठ्या इस्पितळात, आणि उशीर करून चालणार नाही, एवढं सांगून त्यांनी नवी बाटली दोतोच्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या वाटेवर आई पुढे आणि दोतो मागे चालत होती. उकेरेवे बेटावरची ती वाट सरोवराच्या कडेने जाते. वाळूवर पसरलेली बारीक मासळी चांदीसारखी चमकत होती, आणि त्या चमकेनेच दोतोचे डोळे मिटत होते. जन्मतःच तिच्या कातडीत, केसांत, डोळ्यांत रंग नव्हता. जुळ्यांतली आधी जन्मली ती कुल्वा, आईसारखी काळीभोर. मागून आलेली दोतो बघून सुइणीने हातातलं फडकंच टाकलं होतं म्हणे. आईने ते उचललं, बाळ पुसलं आणि छातीशी धरलं. पुढे दोतोसारख्या माणसांचे हातपाय ताईत-तोडग्यांसाठी तोडून नेणारे लोक गावोगाव फिरू लागले, तेव्हा हीच आई वर्षानुवर्षं कोयता उशाशी घेऊन दारात आडवी झोपली. बाप तर दोतो जन्मली तेव्हाच निघून गेला होता. त्यामुळे आईच्या बोलण्यावर शंका घ्यायची दोतोला सवयच नव्हती. आपण खरंच विसरत असू का, असं ती वाटभर स्वतःलाच विचारत राहिली.

घरी आल्यावर तिने नव्या बाटलीतलं मलम हातावर घेतलं. ते घट्ट होतं. चोळलं तरी पांढरं राहत होतं. घरातल्या जुन्या बाटलीतलं पातळ, बोटांमधून ओघळणारं. त्याला बाळाला लावायच्या तेलाचा वास यायचा. उन्हाने पातळ होत असेल, असं ती इतके दिवस धरून चालली होती. दोन्ही हात नाकाशी नेऊन ती बराच वेळ बसली. मग हात धुतले आणि मशीनवर जाऊन बसली.

दोन दिवसांनी ती शिवत असताना मागच्या चुलीपाशी काचेवर चमचा वाजला. दोतोची नजर अधू; कुठलीही गोष्ट नाकाशी आल्याशिवाय तिला नीट दिसत नसे. म्हणून ती अगदी जवळ गेली. आई नवी बाटली बरणीत पिळत होती. बाजूला तेलाची बाटली उघडी होती.

"आई, हे काय करतेस?"

आई दचकली नाही. बरणीचं झाकण लावून मग म्हणाली, "कुल्वासाठी आहे. थोडंसंच काढते."

"कुल्वाला कशाला हवं उन्हाचं मलम?"

"तू आंधळी, तुला काय दिसणार! तिचा मसांजा दर हप्त्याला म्वांझाला पळतो. तिथं उजळ तोंडाची कुणी बाई आहे म्हणे. दोन पोरं पदरात असताना नवरा गेला तर कुल्वा जाईल कुठे? हे मलम गोऱ्यांच्या देशातून येतं. अंग उजळतं त्याने, सगळ्या बाया सांगतात."

"तिला माहीत आहे, हे माझं आहे?"

"नाही. जादा मिळतं, असं सांगितलंय मी तिला."

दोतोने चुलीजवळचा पाट ओढला, पण ती बसली नाही.

"माझा कान कापणार आहेत, आई."

"मला काय ठाऊक असं होईल म्हणून? तू तर सावलीत बसतेस. टोपी घालतेस. मला वाटलं, चालून जाईल."

"डॉक्टरांपुढे म्हणालीस, मी विसरते."

"मग काय सांगायचं होतं? एका लेकीचं काढून दुसरीला देते म्हणून सांगू चारचौघांत?" आईचा आवाज चिरकला. "तिचा संसार मोडायला आलाय. तुझा काय मोडणार होता?"

चुलीवर मक्याच्या पिठाच्या उगालीसाठी ठेवलेलं पाणी उकळून खाली सांडू लागलं. आई ते उतरवायला वळली. दोतोने बरणी उचलली आणि आत नेऊन शिवणयंत्राखालच्या खणात ठेवली. पुढच्या रविवारी कुल्वा येऊन गेली आणि संध्याकाळी खणात बरणी नव्हती.

दोन महिन्यांनी इस्पितळात नंबर लागला, तेव्हा म्वांझाला आई बरोबर आली. बोटीवर लोक वळून बघायचे तेव्हा तिने अंगाभोवती गुंडाळलेला कांगा सोडून दोतोच्या डोक्यावरून पांघरला. एका टवाळाने "भुताला हवा लागू देत नाही म्हातारी," अशी कुजकट थट्टा केली, तर आईने त्याचा असा उद्धार केला की तो टोकाला जाऊन बसला.

कान जवळजवळ सगळाच गेला. मानेतली एक गाठही काढली. तिथवर रोग पोचलाय का, ते तपासणीनंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. दोतोला उजव्या कुशीवरच झोपायची परवानगी होती, आणि आईने आपलं स्टूल त्याच बाजूला मांडलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्स दोतोला म्हणत, "अशी आई मिळायला नशीब लागतं." आई पुठ्ठ्याने वारा घालत राही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोतोने विचारलं, "कुल्वा आली नाही?"

"केळी पाठवलीत तिने. पोरांना सोडून कशी येईल?"

"मसांजा आहे ना घरात."

पुठ्ठा थांबला. "गेला तो. मागच्या महिन्यातच. घरातला पंखासुद्धा घेऊन गेला."

पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. दोतोने ओठ ओले केले. बोललं की टाके ओढले जात होते, म्हणून शब्द सावकाश येत होते.

"उजळली का गं ती?"

आईने पुठ्ठा मांडीवर ठेवला. त्याची दुमडलेली कड ती अंगठ्याने सरळ करत बसली.

"नाही," ती म्हणाली. "काडीचा फरक नाही. होती तशीच आहे."

दोतोला कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचं होतं. पण त्या बाजूला कान नव्हता, टाके होते. ती तशीच, आईकडे तोंड करून पडून राहिली.