तिचं तिच्यापाशी

सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवून देणारं एक जोडपं होतं. नवरा सांगाड्यावर पट्टे ताणायचा, स्पंज बसवायचा. बायको कापड बेतायची आणि शिवायची. तिनं शिवलेलं कव्हर त्यानं चढवलं की कोपऱ्यात सुरकुती औषधालाही सापडायची नाही. गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणायची. बायकोही चिडवायला म्हणून तेच म्हणू लागली आणि मग तेच नाव पडलं.

दारू घरात आली ती उस्तादाच्या पाठीचं निमित्त करून. दिवसभर वाकून पाठ धरायची, म्हणून संध्याकाळी थोडीशी. थोडीची बरीच झाली, आणि केव्हातरी बायकोचा पेलाही शेजारी येऊन बसला. बाहेर पिणाऱ्याचं चारचौघांत उघडं पडतं. यांचं मात्र दार लावून, गुण्यागोविंदानं चाललं होतं. कोण कोणाला अडवणार? शेवटी एकदा तिनं एका गिऱ्हाइकाचं कापड उलट बाजूनं बेतलं आणि त्यानं ते न बघता तसंच चढवलं. अख्खा सोफा उलटा! दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"आता बास," ती म्हणाली. "दोघंही जाऊ. एकटं कोणी गेलं तर दुसरं घरी बाटली घेऊन वाट बघत बसेल."

दुकानाला कुलूप लागलं. शेजाऱ्यांना 'जरा परगावी काम निघालंय' असं मोघम सांगून दोघं व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाली.

तिथल्या समुपदेशक बाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा गळ्यात लोंबकळायचा, बोलणं हळू, पण शब्दाला पक्क्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"नवरा-बायको तुम्ही फाटकाबाहेर. इथं दोन वेगळे पेशंट. खोल्या वेगळ्या, माझ्याशी बोलणंही वेगळं. संध्याकाळी बागेत भेटा, आठवड्यातून एकदा आपण तिघं मिळून बसू. पण एकटं असताना मला जे सांगाल, ते तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळणार नाही. जिवावर बेतणारं काही असेल, तेवढं सोडून."

"बाई, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही," उस्ताद म्हणाला. "एका ताटात जेवणारी माणसं आम्ही."

"मग इथं असेपर्यंत दोन ताटं घ्या."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिकडे उस्तादाचं लक्षही गेलं नाही.

सुरुवातीचे दिवस कसे गेले ते त्याचं त्यालाच ठाऊक. हात थरथरायचे, अंगाला घाम सुटायचा, अन्नाचा वासही नको वाटायचा. ते ओसरून जरा माणसात येतो न येतो तोच एक दिवस सकाळी खालून ओळखीचा आवाज आला. ताई! ताई म्हणजे उस्तादाची थोरली बहीण. जिवाला जीव देणारी, पण तिच्या पोटात काही राहायचं नाही. तिला एक गोष्ट सांगितली की वेगळी दवंडी पिटायची गरज नसे. तिला कुठून तरी कुणकुण लागली होती. उस्ताद वरच्या गॅलरीत खांबाआड उभा राहिला.

"माझा भाऊ आणि भावजय इथं आहेत ना?" ताई विचारत होती.

"इथं कोण आहे, कोण नाही, ते आम्ही सांगत नाही," स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली.

"अहो, सख्खा भाऊ आहे माझा!"

"असतीलच की. पण ते इथं आहेत असंही मी म्हणत नाही, नाहीत असंही म्हणत नाही."

"मग म्हणता तरी काय?"

"पाणी देऊ का, म्हणते."

ताई पाणी पिऊन पाय आपटत निघून गेली. उस्तादाला हसू आवरेना. तो मुद्दाम बाईंना जाऊन म्हणाला, "तुमचा नियम म्हणजे लाखात एक."

पण तोच नियम लवकरच त्याला बोचू लागला. बायको बाईंच्या खोलीतून यायची ती डोळे लाल करून. बागेत शेजारी बसायची आणि गवताची काडी मोडत राहायची. "काय बोलतेस आत एवढं?" त्यानं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही." मन चिंती ते वैरी न चिंती. हिला मला सोडायचंय का? दुसरं कोणी आहे का? शेवटी तो बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"एवढंच सांगा, माझ्याबद्दल बोलते का?"

"तिलाच विचारा."

"ती सांगत नाही. बाई, मी नवरा आहे तिचा."

"आणि ताई सख्खी बहीण होती," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तर नियम लाखात एक होता."

उस्ताद परत फिरला.

रिकामा वेळ खायला उठायचा, म्हणून त्यानं केंद्रातल्या फाटक्या खुर्च्या दुरुस्त करायला मागितल्या. बाईंच्या खोलीला लागून असलेली अडगळीची खोली त्याला मिळाली. एक दिवस दुपारी तो जुने खिळे उपसत बसला होता, तेवढ्यात भिंतीत वर असलेल्या जाळीच्या झरोक्यातून शब्द आले. बायकोचेच.

"त्यांना वाटतं, त्यांनीच मला या नादाला लावलं. तसं नाहीये. हे त्यांना कळलं तर..."

पुढे आवाज खाली गेला. उस्तादाच्या हातातली पक्कड तशीच राहिली. झरोक्याखाली खुर्ची होती. वर चढलं की सगळं ऐकू येणार. त्यानं एक पाय खुर्चीवर ठेवलासुद्धा.

पण तो आवाज त्याला अडवत होता. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी अशी कधी बोलली नव्हती. महागडं कापड कापताना जशी सावकाश कात्री चालवायची, तशी एकेक शब्द बाहेर काढत होती. पलीकडे कोणी नाही, असं धरून चालणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. उस्तादाला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं पाय खाली घेतला, हातोडी उचलली आणि एका रिकाम्या सांगाड्यावर दणादण घाव घालायला सुरुवात केली.

दार उघडून बाई आल्या. "उस्ताद, काय मोडताय?"

"बाई, तुमच्या खोलीतलं इथं ऐकू येतं."

बाईंच्या मागे बायको उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी झरोक्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे वळल्या. "ही माझी चूक. ही खोली यांना दिली तेव्हा मी खात्री करून घ्यायला हवी होती. मला माफ करा."

त्या दिवसापासून बाई सगळ्यांशी बोलायला वरच्या खोलीत बसू लागल्या. इकडे उस्तादानं आपण होऊन झरोका आतून-बाहेरून स्पंजनं भरला, वरून रेक्झिन ठोकलं, बाईंच्या खालच्या खोलीच्या दारालाही जाड गादी बसवली. परीक्षा घ्यायची म्हणून बाई आत जाऊन मोठ्यानं बोलल्या. बाहेर उस्ताद आणि स्वागतकक्षातली मुलगी दाराला कान लावून उभे.

"काय ऐकलंत?" बाहेर येऊन बाईंनी विचारलं.

"काही नाही. काय म्हणत होतात?"

"मनसोक्त शिव्या देत होते."

"मग काम पक्कं झालं," उस्ताद म्हणाला.

बायको मात्र हसली नाही. संध्याकाळी बागेत तिनं विचारलं, "किती ऐकलंत?"

त्यानं ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगितले.

"आणि पुढचं?"

"पुढचं ठोकाठोकीत गेलं."

"मुद्दाम ठोकत होतात?"

"हो."

ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. कितीतरी संध्याकाळी ती तिथंच बसत राहिली. उस्तादाच्या जिभेवर प्रश्न यायचा आणि तो गिळायचा. दारूची तल्लफ परवडली, पण हे नको, असं त्याला होऊन गेलं. तरी त्यानं विचारलं नाही.

मग एकदा तिघं एकत्र बसलेली असताना ती आपण होऊन बोलली.

"तुम्ही मध्ये सोडली होती, आठवतं? पाठीच्या डॉक्टरांनी घाबरवलं होतं तेव्हा."

"आठवतं. टिकली नाही."

"टिकली असती. तुम्ही घरी यायचात, जेवायचात, झोपायचात. शब्द नाही. प्यायलात की मात्र बोलायचात, हसायचात माझ्याशी. मला ते हवं होतं. म्हणून बाटली मीच आणली. पेला मीच भरला. तुम्ही एकटेच नको म्हणून दुसरा माझा भरला."

उस्तादाच्या डोक्यात सणक गेली. हिला आपण बिघडवलं, हे ओझं त्यानं वर्षानुवर्षं वाहिलं होतं! खुर्ची मागे ढकलून तो बागेत गेला, तरातरा फेऱ्या मारू लागला. रागाच्या भरात त्यानं त्या कोरड्या दिवसांतलं आपलं एखादं तरी बोलणं आठवून पाहिलं. एकही वाक्य आठवेना. 'मीठ दे' एवढंच काय ते आठवलं.

तो परत आत येऊन बसला. "बाटली तू आणलीस," तो म्हणाला. "पण तोंडाला मी लावली."

तिनं पदरानं डोळे पुसले. "अजून एक गोष्ट आहे. बाईंना सांगितलीय. तुम्हाला नाही सांगणार. कदाचित कधीच नाही."

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. तो म्हणाला, "बरं." तेवढा एक शब्द काढताना त्याला खुर्चीचा हात धरावा लागला होता.

दुकान पुन्हा उघडलं. ताई आली, तेव्हा उस्तादानं आपण होऊन सांगितलं, "मी दारू सोडायला गेलो होतो."

"आणि ही?" ताईनं आवाज खाली आणला.

"माझं मी सांगितलं. तिचं तिच्यापाशी."

"सांगेन, ताई, कधी वाटलं तर," बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली. ताईनं पहिल्यांदाच विषय बदलला.

ती दुसरी गोष्ट काय, हे उस्तादाला आजही माहीत नाही. कधीकधी तिची पाठ दिसली की प्रश्न डोकं वर काढतो. मग तो काहीतरी बोलायला लागतो. बोलायची सवय नसल्यामुळे सुरुवातीला विषयच सुचायचे नाहीत. एका संध्याकाळी त्यानं जुन्या सोफ्यांच्या पोटात काय काय सापडतं तेच सुरू केलं. कंगवे, किल्ल्या, एकेकटे मोजे.

"आणि एकदा कवळी सापडली," तो म्हणाला. "वरची."

"मग दिलीत परत?"

"द्यायला गेलो. गिऱ्हाईक तोंडावर हात ठेवून म्हणतं, माझी नाहीच!"

ती इतकी हसली, की खडूची रेघ वाकडी गेली, आणि तेवढं कापड तिला पुन्हा आखावं लागलं.