उघडिपीचा माणूस

लागून पडणारा पाऊस दुपारी अवचित थांबावा, कसबा बावड्यावरच्या कळकट ढगांतून उन्हाची एखादी तिरीप खाली उतरावी आणि कुणाच्या तरी परसातल्या अंधाऱ्या पिंपात आरशाचा कवडसा थरथरत शिरावा, की त्या पिंपावर ओणवे झालेले माझे यजमान मला दिसतात. ओल्या खाकी शर्टाची पाठ, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, हातात दाढीचा गोल आरसा. आरशात ऊन धरून ते पाण्याच्या तळाशी सोडायचे आणि उजेडाने दचकून वळवळत खाली निघालेल्या डासांच्या अळ्या श्वास रोखून न्याहाळायचे. इतकी तल्लीन, इतकी आर्जवी नजर माझ्या वाट्याला कधी आली नाही. लग्नातसुद्धा नाही.

ते हिवताप विभागात कर्मचारी होते आणि मी गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका. पावसाने ताप येतो असे लोक म्हणतात, पण ते अर्धेच खरे, हे मी यांच्याकडूनच शिकले. धो धो कोसळणारा पाऊस डबकी खळाळून टाकतो, अळ्या धुऊन नेतो. खरे भय तो थांबल्यावरचे, जेव्हा साचलेले पाणी निवांत होते, हवेत दमट ऊब भरते आणि त्या उबेत डासाचे बालपणही भराभर सरते, त्याच्या पोटातले तापाचे बीजही लवकर पिकते. "लागून पडतोय तवर बरं असतंय गं," हे म्हणायचे, "उघडला की मग खरं." गल्लीतल्या बायका कपडे वाळवायला उघडिपीची वाट बघत, मी एकटीच खिडकीशी उभी राहून आभाळाला विनवायची, की बाबा रे, कोसळत राहा, थांबू नकोस. कारण पाऊस कोसळत असला की नवरा माझा असे, आणि उघडला की तो जगाचा होई.

उघडीप माझी सवत होती, हे मी आता स्पष्टच सांगते. हाडामांसाची बाई असती तर तिच्या दारात जाऊन मी भांडले असते, झिंज्या धरल्या असत्या. पण आकाश निवळले म्हणून कुणाशी भांडायचे? सकाळी पागोळ्या थांबल्या, की यांची पावले उंबऱ्याकडे वळत, ताटातली भाकरी अर्धी राही आणि बाहेर सायकलची साखळी करकरे. मग गावोगावची पिंपे, रांजण, पत्र्यावर वजनाला ठेवलेले टायर, तापाने फणफणलेल्या माणसांच्या बोटांतून काचेवर टिपलेले रक्ताचे थेंब. ज्यांच्या नळाला पाणी मोजून येते अशा बायकांना आठवड्यातून एकदा भरलेले पिंप ओतायला लावणे म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणे. पण हे गोड बोलून ते करवून घेत, वर स्वतः काथ्या घेऊन पिंप आतून घासून देत, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. परक्या बाईचे पिंप घासणारा हा माणूस घरातले पिंप मात्र माझ्या भरवशावर सोडून जाई. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

उन्हाळा तेवढा माझ्या मालकीचा. एप्रिल-मेच्या रखरखीत दुपारी डबकी आटत, डासांचे फावत नसे, आणि हे कट्ट्यावर बसून माझ्याशी आंब्याच्या भावाबद्दल निवांत बोलत. लोक उन्हाला शिव्या देत तेव्हा मला राग येई.

आम्ही बौद्ध. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमचा वर्षावास. पूर्वी भिक्खूंनी पावसाळ्यात भटकणे थांबवून एका ठिकाणी राहायचे, म्हणून हे तीन महिने. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चाले. पांढऱ्या साड्यांच्या ओळीत मी बसे आणि समोर पुरुषांच्या रांगेत इतर बायकांचे नवरे दिसत. कुणी डुलक्या काढी, कुणी जांभया देई, पण जागेवर असत. भिक्खूसुद्धा पावसाळ्यात थांबतात आणि माझा नवरा नेमका तेव्हाच हिंडतो, या विचाराने वाचनातले एक अक्षर माझ्या कानांत शिरत नसे. करुणेचा पाठ चालू असताना मी शेजारणीच्या डुलक्या काढणाऱ्या नवऱ्यावर जळत असे.

एकदा बिद्रीची एक बाई बहिणीकडे आली होती, ती विहाराच्या पायरीवर माझा हात धरून म्हणाली, "तुमचं मालक लई मायेचं हाईत बघा. माझ्या लेकीला थंडीताप भरलाता, तर उशाला बसून गोळ्या चारल्या की." मी हसले. आमच्या मुलीला ताप भरला होता तेव्हा तिच्या उशाशी मी एकटी होते, हे तिला कशाला सांगायचे? त्या रात्रीचा स्वयंपाक मी खारट केला आणि यांनी तो निमूट खाल्ला.

म्हणून निवृत्तीच्या निरोपसमारंभानंतर घरी येऊन हे म्हणाले, "औंदा पुरा वर्षावास तुझ्यासंगं," तेव्हा मला लग्नापेक्षा जास्त आनंद झाला. एवढे एकच मला हवे होते, एक अख्खा पावसाळा. आषाढ पौर्णिमेला पांढरा सदरा घालून हे विहारात बसले आणि मी सगळ्या बायकांकडे एकदा नीट बघून घेतले.

पुढे पाऊस उघडला आणि लांबच लांब उघडीप पडली. गल्लीत एक नवा ताप आला. चिकनगुन्या हे नाव आम्ही तोवर ऐकलेही नव्हते. धडधाकट माणसे कंबरेत वाकून, भिंत धरून चालू लागली. यांना कुणी बोलावले नाही, कारण हे आता निवृत्त. आणि शब्द दिला म्हणून हेही उठले नाहीत. संध्याकाळी विहारात समोरच्या रांगेत ते वेळेवर येऊन बसत, पण कान बाहेरच्या कण्हण्याकडे लागलेले असत. दिवसभर घरात, हात मांडीवर ठेवून, दारातल्या उन्हाकडे बघत. आठवडाभर मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. मग माझ्या ध्यानात आले, की आजवर बाहेर असलेली सवत आता घरात येऊन आमच्या दोघांच्या मध्ये बसली आहे, आणि मला मिळाले आहे ते फक्त यांचे अंग.

"उठा," मी म्हटले. "शेजारी ताप हाय आन तुम्ही पावण्यासारखं बसलाय. चला, मी बी येते."

"तू? चिखल लई हाय."

"असू दे की."

त्या वर्षी वर्षावासाचे उरलेले वाचन आम्ही दोघांनीही चुकवले. घरोघर हिंडलो. हे पिंपात उजेड सोडत आणि मी काथ्याने घासे. बायकांना दटावायचे काम माझे, कारण शाळेचा आवाज माझ्यापाशी होता. परत येताना उसाच्या कडेने, ओल्या वाटेवर, हे माझ्याशी बोलत. काय बोलत, ते मी लिहिणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, माझ्याच ऋतूत, त्यांचे हृदय थांबले. कितीतरी गावांतून बायका आल्या. प्रत्येकीपाशी त्यांचा एखादा पावसाळा होता आणि प्रत्येकीने तो मला रडत रडत सांगितला. मी ऐकून घेतले. आजही कुणी भेटले की सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यातून ते गावोगाव थोडे थोडे शिल्लक आहेत. माझ्यापाशी त्यांचा एकच पावसाळा आहे, तोही अर्धा, आणि तो मी कुणाला सांगत नाही, मुलीलासुद्धा नाही. वयाने माझ्या स्मृतीतून तो निसटला तर जगात कुणाकडेच उरणार नाही, हे ठाऊक असूनही.