ऐनाचं दार

दिनानाथ सुताराच्या रंध्यापेक्षा त्याच्या जिभेलाच धार जास्त, असं सारं पनवेल म्हणायचं. त्यामुळे दिवाळी सरताच करंजाड्याच्या भामाबाई गाडीत ऐनाचा ओंडका घालून आल्या आणि तो दोन वर्षं मिठागराच्या खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवला होता असं म्हणाल्या, तेव्हा त्याच्यानं गप्प बसवलं नाही.

"भामाबाई, याचं दार करायचंय की लोणचं?"

"दारच. आमच्या ह्यांनी बुडवलेला. जाताना सांगून गेले, आपल्या पोराच्या, आनंदाच्या लग्नाला याचंच दार लावा. वैशाखात लगीन हाय."

दिनानाथ नरमला, आणि खरं सांगायचं तर घाबरलाही. ऐनासारखं हट्टी लाकूड दुसरं नाही. पाच वर्षांपूर्वी एका शेठजींना त्यानं ऐनाचं दार घाईघाईत करून दिलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात ते असं पिळलं, की कडी लागेना आणि खालच्या कोपऱ्यातून मांजर ये-जा करू लागलं. तेव्हापासून बाजारात कुणी नुसतं 'म्याव' केलं तरी त्याचे कान तापत.

"ऐन पिळतो, भामाबाई. सागाचं करून देतो की, झकास!"

"वरात आली का आनंदाची भैन चंद्रावती दार लावून आत उभी ऱ्हाणार. भावानं आपली लेक तिच्या पोराला द्यायचं कबूल केलं का मंग उघडणार. त्या दिवशी तिच्या बापाचा हात त्या दाराला पायजे, सुतारदादा."

त्यानं ओंडका उतरवून घेतला.

करवतकऱ्यांनी फळ्या कापल्या. वाळता वाळता त्यांच्यावर मिठाची पांढरी साय धरली. दिनानाथनं त्या सावलीत रचून ठेवल्या. महिन्याभरानं एका फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून त्यानं एक डोळा मिटून पाहिलं. एक पट्टी सपाट, तर दुसरी एका कुशीवर कललेली! फळी पिळली होती.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" त्यानं भामाबाईंना बोलावून ऐकवलं. आपलंच म्हणणं खरं ठरल्याचा त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

भामाबाईंनी फळीवरून हात फिरवला. "वळू द्या की. हे म्हणायचे, ऐनाला आधी त्याचा हट्ट पुरा करू द्यावा. मंग हात लावावा."

दिनानाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेठजींच्या फळ्या त्यानं ओल्या असतानाच रंधून गुळगुळीत केल्या होत्या. मग बिचाऱ्या घरी जाऊनच वळणार! या फळ्या मात्र त्यानं भीतीपोटी चांगल्या जाड कापून घेतल्या होत्या. वळल्या तरी रंधायला लाकूड उरणार होतं.

मग तो थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला. माघ गेला, फाल्गुन गेला. दर आठ दिवसांनी पट्ट्या ठेवून तो पाही. चैत्रात दोन खेपा लागोपाठ फळ्या तसूभरही हलल्या नाहीत, तेव्हा कुठे त्यानं रंधा हातात घेतला. मीठ लोखंड खातं, म्हणून खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या ठोकल्या आणि बिजागऱ्या पितळेच्या लावल्या.

लग्नाच्या दिवशी तो वऱ्हाडात मागे उभा होता. चंद्रावतीनं आतून दार लावलं. दिनानाथनं एक डोळा मिटला. वर फट नाही, खाली फट नाही.

"दिली गं, माझी लेक तुझ्या पोराला दिली!" नवरदेव आनंदा हसत म्हणाला.

दार उघडेना.

"दिली म्हणतोय ना!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दिनानाथ गर्दीतून पुढे सरकला. दार अडकलं की काय? तेवढ्यात आतून अगदी बारीक आवाज आला, "काय बोलतंस रं? कायच ऐकू येत नाय!"

करंजाड्यात आजवर ज्या ज्या बहिणीनं दार धरलं, तिनं फटीतूनच भावाशी घासाघीस केली होती. या दाराला फटच नव्हती. आनंदानं दाराला तोंड लावून गावभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "दिली! दिली! दिली!" दार अलगद उघडलं आणि मांडवात हसण्याचा एकच कल्लोळ उठला.

दिनानाथ सगळ्यांहून मोठ्यानं हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भामाबाई त्याच्याजवळ आल्या.

"सुतारदादा, आता कुणी म्याव केलं तर करंजाड्याला दार बघायला धाडून द्या," त्या म्हणाल्या, आणि आपल्या नवऱ्याच्या दाराला हळदीकुंकू लावायला गेल्या.