नव्या बापाची जादा फेरी

या मंडळी, जरा पुढं सरका. मागं बसलेल्यांनीही जवळ या. आज एका बस डेपोतली गोष्ट सांगायची आहे. एका चांगल्या माणसाची, आणि त्याच्या हातून अगदी प्रेमापोटी होत राहिलेल्या चुकीची. वाईट माणसाची चूक लगेच डोळ्यांत भरते हो. चांगल्या माणसाची दिसायला उशीर लागतो, कारण सगळे तिचं कौतुक करण्यात गुंतलेले असतात.

काळ जुना आहे. तेव्हा कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे असत आणि पंचचा टकटकाट ऐकूनच पोरं ओळखत, बस कुठल्या वळणावर आली ते. डेपोच्या फाटकातून आत शिरलं की ओल्या टायरचा, डिझेलचा आणि विश्रांतीच्या खोलीतल्या चहाचा मिळून एक वास यायचा. ज्यांनी तिथं उमेदीची वर्षं काढली त्यांना तो वास आजही कुठं आला, तर ते क्षणभर थबकतात.

त्या डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांना फेऱ्या वाटून द्यायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे काका म्हणत. काचेच्या छोट्या खिडकीमागं काका बसायचे. स्वतः उमेदीत कंडक्टर होते, त्यामुळं कुणाला उतारावरची बस झेपते, कुणाला शाळेच्या पोरांचा गलबला सोसत नाही, हे त्यांना तोंडपाठ. माणूस देवभोळा, बोलणं गोड. खिडकीशी भांडत आलेला माणूस हसत परत जायचा.

त्या डेपोची एक रीत होती. ज्याच्या घरी बाळ जन्माला येईल त्याला काका रोज एक जादा फेरी द्यायचे. घरात खाणारं तोंड वाढलं, दूध-औषध आलं, तेव्हा चार पैसे जास्त हाती पडावेत, एवढाच त्यामागचा भाव. काकांना त्यांच्या तरुणपणी जुन्या साहेबांनी अशीच जादा फेरी दिली होती, आणि ते ऋण काका पुढच्या प्रत्येक नव्या बापाला जादा फेरी देऊन फेडत आले होते. बाकीचे ड्रायव्हरही कुरकुर न करता आपली फेरी सोडायचे. अशी माया कुठल्या डेपोत होती?

त्या वर्षी बाप झाला तो बुलबुल. नावावरून चिमणा जीव वाटेल, पण बसच्या दारातून वाकून आत शिरणारा, सुपाएवढ्या पंजांचा, झुपकेदार मिशांचा दांडगा गडी होता तो. नाव पडलं त्याच्या शिळेवरून. शेवटचा उतारू उतरला की रिकामी बस डेपोकडे आणताना तो अशी काही सुरेल शीळ घालायचा, की फाटकावरचा पहारेकरी बस दिसण्याआधीच अडसर उचलून उभा राहायचा.

बाळ झालं आणि शीळ थांबली. बस दुरुस्त करणारा डेपोतला मिस्त्री म्हणाला, "आता घरी दुसरा गाणारा आलाय, ह्याला कोण विचारतंय!" सगळे हसले. बुलबुलही हसला, पण नुसता ओठांनी. पोरगा पोक्त झाला, जबाबदारी कळली, असं काकांनी मनोमन ठरवून टाकलं. जादा फेरी तर दिलीच, वर दुसऱ्या कुणी रजा टाकली की तीही बुलबुललाच. तो कधी नाही म्हणायचा नाही.

एका संध्याकाळी सगळ्या फेऱ्या संपल्या. काका खिडकी लावून निघाले, तर आवारात उभ्या बसच्या अगदी मागच्या बाकावर बुलबुल बसलेला दिसला. टोपी मांडीवर, डोळे समोरच्या बाकाच्या पाठीवर. काकांनी काच वाजवली तसा तो दचकून उठला आणि म्हणाला, "काका, अजून एखादी फेरी असेल तर द्या ना."

फेरी नव्हती. काका त्याच्या पाठीवर थाप मारून घरी आले आणि जेवताना काकूंना अभिमानानं सांगू लागले, असं पोरगं लाखात एक, घरी जायचं नावच काढत नाही. मग ओघात त्यांनी आपली ठेवणीतली गंमतही सांगितली. डेपोत शंभरदा सांगून झालेली. आपला थोरला लहान असताना आपण इतक्या फेऱ्या मारायचो, की एका सुट्टीच्या दिवशी टोपीशिवाय घरात वावरलो तर ते लेकरू परका माणूस समजून आईच्या पदराआड लपलं आणि किंचाळलं!

काकू दर वेळी हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. पाण्याचा तांब्या त्यांनी हळूच खाली ठेवला.

"ही गोष्ट तुम्ही सगळ्यांना हसून सांगता," त्या म्हणाल्या. "त्या दिवसांत मी काय करत होते, ते विचारलंत कधी?"

काकांना प्रश्नच कळला नाही. काय करत होतीस म्हणजे? बाळ सांभाळत होतीस.

"मी मोरीत नळ सोडून रडत होते. नळ चालू असला की शेजारी ऐकू जात नाही. बाळ छान होतं, घर छान होतं, तुम्ही भले होतात. मग मला रडू का येतंय, ते मलाच कळेना. वाटायचं, आई व्हायची लायकीच नाही माझी. कधीकधी तर वाटायचं, मी नसलेलीच बरी."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग पुटपुटले, "मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तुम्ही जादा फेरीला होतात."

मंडळी, काकूंनी हे रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर काकांनी वाद घातला असता. त्यांनी ते भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हटलं, आणि म्हणूनच ते काळजात रुतलं. इतकी वर्षं ज्या जादा फेरीला ते पुण्य समजत होते, ते पुण्य कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर उभं होतं!

दुसऱ्या दिवशी काकांची सुट्टी होती. काकूंनी चप्पल पायांत घातली आणि म्हणाल्या, चला, बुलबुलचं बाळ बघून येऊ. काकांना वाटलं, बायकांचं बोलणं होईल, आपण ओट्यावर बसू. पण बुलबुलच्या दाराशी पोचल्यावर काकू थांबल्या. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, आणि त्याहून मोठा नळाचा आवाज. काका म्हणाले, कपडे धूत असेल. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग मात्र काकांना आदल्या रात्रीचं बोलणं आठवलं.

दार उघडलं. बुलबुलची बायको अगदी तरुण पोरगी. तोंड धुतलेलं, पण डोळे सुजलेले. तिनं हसून बाळ पुढं केलं, जसं येणाऱ्या प्रत्येकापुढं करायची. काकूंनी बाळाच्या गालाला बोट लावलं, ते काकांच्या हातात दिलं आणि तिलाच विचारलं, "तू कशी आहेस?"

"छान आहे. दूध नीट पितं, वजनही वाढलंय."

"ते बाळाचं झालं. मी तुझं विचारतेय, पोरी."

पोरीनं काकूंना खाटेवर बसवलं. मग ती तिथंच पाटावर बसली आणि काकूंच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. काकू तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रडू नको असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवस राहिले तेव्हापासूनच तिला झोप लागत नव्हती, उगाच धडधडायचं. तपासणीला गेली की वजन बघत, रक्तदाब बघत, बाळाचे ठोके ऐकत. तिच्या मनाचं काय चाललंय ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बाळ झाल्यावर तर काळोखच झाला. त्यात नवरा उजाडताच जातो आणि बाळ झोपल्यावर येतो. ती म्हणाली, "त्यांना हे बाळच नकोसं झालंय. आणि मीही."

काकांच्या हातातलं बाळ आता गप्प होऊन त्यांच्या शर्टाची गुंडी चोखत होतं. आपल्या थोरल्याला ह्या वयात असं कधी घेतलं होतं का, ते आठवायचा काका प्रयत्न करत होते. आठवत नव्हतं.

काकांनी बाळ काकूंकडे दिलं आणि तडक डेपो गाठला. बुलबुल नेमका जादा फेरीहून परतत होता. काका बसमध्ये चढले, त्याच्या शेजारच्या बाकावर बसले आणि काकूंनी विचारलं तसंच विचारलं. तू कसा आहेस?

बुलबुलनं आधी थट्टेवर नेलं. काका उठले नाहीत. शेवटी तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "काका, साठ माणसं पाठीशी घेऊन घाट उतरतो, हात हलत नाही. पण बाळाला उचललं की हात कापतात. माझ्या हातून पडेल, काहीतरी होईल, असंच वाटतं. दाराशी पाय अडतो. तिला सगळं जमतंय, ती हसते. मलाच जमत नाही. बाप आहे, कुणाला सांगू? म्हणून फेऱ्या मागतो."

एक मोरीत नळ सोडून रडत होती आणि दुसरा रिकाम्या बसमध्ये बसून होता. एकमेकांना त्रास नको म्हणून दोघंही हसून दाखवत होती. आणि काका प्रेमानं त्या दोघांमध्ये रोज एक जादा फेरी घालत होते!

काकांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "तिला जमत नाहीये रे. तुझ्यासारखंच तिलाही जमत नाहीये. घरी जा, आणि हेच तिला सांग."

पुढं काकू त्या दोघांना घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. त्यांनी आधी दोघांचं ऐकून घेतलं, मग समजावलं, की हा दोष नाही, नाटक नाही आणि शापही नाही. बाळंतपणात जसा अंगाला ताप येतो तसं मनालाही दुखणं येतं. आईला येतं, बापालाही येतं, आणि उपचारानं ते बरं होतं. तिला काही महिने औषध घ्यावं लागलं, दर आठवड्याला बोलायला जावं लागलं. बुलबुलही शेजारच्या खुर्चीत बसायचा. एका दिवसात काही पालटलं नाही. पण देवाच्या कृपेनं आणि माणसांच्या सोबतीनं दिवस सरकत गेले. काकू दुपारी बाळ घेऊन बसायच्या आणि त्या पोरीला म्हणायच्या, आता तू झोप, जगबुडी आली तरी उठवणार नाही.

डेपोत काकांनी सगळ्यांना चहाला गोळा केलं आणि सांगितलं, जादा फेरीची रीत आजपासून बंद. इथून पुढं ज्याच्या घरी बाळ येईल त्याला सकाळची पाळी, म्हणजे उन्हं कलायच्या आत तो घरी. चार पैसे लागले तर सगळे मिळून बघू. मिस्त्री कुरकुरला, "आम्हाला नाही कुणी असं घरी धाडलं. आमची पोरं वाढलीच ना?"

काका म्हणाले, "वाढली. घरी जाऊन तुझ्या बायकोला विचार, ती पोरं कशी वाढली. मग उद्या माझ्याशी भांड."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री भांडायला आला नाही. चहाचा कप घेऊन खिडकीशी आला आणि म्हणाला, "विचारलं हो काका. तुमची नवी रीतच बरी."

बरेच महिने गेले. एका दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं बस दिसायच्या आत अडसर उचलला. खिडकीमागं काकांनी मान वर केली. वळणाकडून शीळ येत होती. जुन्यासारखी सफाईदार नव्हती, मध्येच तुटत होती. पण शीळ होती. बस आत आली, बुलबुल उतरला आणि थेट घराच्या रस्त्याला लागला.

मंडळी, बाळ जन्मतं तेव्हा त्या घरात एक आई आणि एक बापही नव्यानं जन्मतात. तीही तान्हीच असतात. त्यांनाही कुणीतरी उचलून घ्यावं लागतं. पैसा हवा, मदत हवी, सगळं हवं. पण सगळ्यांत आधी हवं ते त्यांना विचारणारं माणूस. आणि उत्तर 'छान' असं आलं, तर पुन्हा एकदा विचारणारं. दुखणं मोठं वाटलं तर लाज न बाळगता त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जाणारं.

तो डेपो आता राहिला नाही. काकाही गेले, काकूही गेल्या. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. म्हणून एवढंच मागणं आहे. कुणाचं बाळ बघायला जाल आणि आतून नळाचा आवाज येईल, तेव्हा दार वाजवण्याआधी क्षणभर आमच्या काकूंची आठवण काढा.