थिसल क्रीक मतदारसंघाची कैफियत

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुना, पुसून टाकलेला मतदारसंघ आहे. मला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नकाशावर कोण्या साहेबाने पट्टी ठेवून चार रेघा ओढल्या आणि मी जन्मलो. तीन रेघा सरळ आल्या. चौथी ओढताना साहेबाला शिंक आली असावी. कारण पूर्वेची माझी कड वाकडी झाली आणि नदीचं वळण, पूल, रेल्वेचं स्टेशन, सगळं शेजारच्या एल्क बेंड मतदारसंघात गेलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं.

एल्क बेंडचे आमदार मंत्री व्हायचे. माझे मागच्या बाकावर पेंगायचे. त्याला डांबरी रस्ता मिळाला, मला रस्त्याचं आश्वासन मिळालं. आता माझ्याकडे थंडी मात्र त्याच्याहून कडक होती, हे मान्य करावंच लागेल. एकदा एका उमेदवाराने अंगणात एका शेतकऱ्याशी हात मिळवला, तर दोघांचे हात गोठून चिकटले! सुटेपर्यंत दोघांनी मिळून सगळ्या वस्तीत प्रचार केला. आणि हात सुटताच शेतकऱ्याने मत दिलं विरोधकाला. असे होते माझे मतदार. एल्क बेंडकडे आहे का असा एक तरी?

माझी खरी शान म्हणजे माझ्या गावच्या सभागृहातली सुगीनंतरची जेवणावळ. भाजलेली टर्की, पेरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, बीटचं लोणचं. एल्क बेंडचे लोकसुद्धा गाड्या भरभरून यायचे आणि बोटं चाटत म्हणायचे, "जेवावं तर थिसल क्रीकला!" मी फुगून जायचो.

पण माझ्या माणसांची एक रीत होती. पहिल्यांदा कोणी उठायचं नाही. जेवण गार झालं तरी चालेल, पण आपण आधी उठणं बरं दिसत नाही.

"आधी तुम्ही घ्या."

"छे हो, तुम्ही वडीलधारे."

शेवटी पराशा मेल्निचुक नावाची विधवा बाई ताट घेऊन ताडकन उठायची. "टर्की काय स्वतः चालत तुमच्या ताटात येणार आहे? उठा मेल्यांनो!" मग सगळे हसत तिच्यामागे रांग लावायचे. ती उठल्याशिवाय माझं पानही हलत नसे.

अशाच एका जेवणावळीला एल्क बेंडचा टोरवाल्ड आला. बिचारा विधुर. पराशाच्या पेरोगी त्याने इतक्या खाल्ल्या की पुढच्या वसंतात तिच्याशी लग्न करून तिला नदीपलीकडे घेऊन गेला. पूल नेला, स्टेशन नेलं, आता माझी पराशाही!

पुढे माझी तरुण पोरं शहरांकडे गेली. मतदार घटले. सीमा ठरवणारा आयोग आला आणि माझ्याच सभागृहात सुनावणी बसली. अध्यक्ष म्हणाले, "थिसल क्रीक एल्क बेंडमध्ये विलीन करण्याचा विचार आहे. आक्षेप असेल तर बोला. आधी कोण बोलणार?"

सभागृह गच्च भरलं होतं. प्रत्येकाच्या ओठांवर आक्षेप होता. माझा जीव त्या एका वाक्यावर टांगलेला.

"तू बोल ना," कोणी कुजबुजलं.

"मी? तुझं शेत मोठं. तू बोल."

"अरे, पराशा आलीये बघ मागे. ती उठेल."

सगळ्या माना मागे वळल्या. पराशा बसूनच राहिली. अध्यक्षांनी थोडं थांबून कागद मिटले. "कोणाचा आक्षेप नाही, असं धरतो."

बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला.

"पराशा, तू का नाही उठलीस?"

"अगं बाई! मी आता पलीकडची. पाहुणी कुठे आधी उठते का? तुम्हाला काय खुर्चीला खिळे ठोकले होते?"

मी पुसला गेलो. माझी जमीन, माझी माणसं, माझी जेवणावळ, सगळं एल्क बेंडच्या नावावर. वाकडी रेघसुद्धा गेली. खरं सांगतो, त्या रेघेची मला आठवण येते.

वर्षं गेली. आयोग पुन्हा आला, यावेळी एल्क बेंडला मोडायला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आता बसतील हेही एकमेकांची तोंडं बघत. आणि अध्यक्षांचा प्रश्न संपायच्या आत काठी टेकत कोण उठलं? माझी पराशा! त्याच्यासाठी! मी जळून खाक झालो.

"इथे मी घरची आहे, म्हणून आधी बोलते," ती म्हणाली. "हा मतदारसंघ राहू द्या. आणि नावात थिसल क्रीक घाला. निम्मी माणसं तिथली आहेत, साहेब. त्यांचं निदान नाव तरी दिसू दे."

ती उठली तशी रांग लागली, जेवणावळीला लागायची तश्शी. एल्क बेंड वाचला. आता पाटीवर लिहिलं आहे, 'एल्क बेंड - थिसल क्रीक'. बघितलंत? तो आधी!

तर मित्रांनो, तुमच्या गावाबद्दल, शाळेबद्दल, कशाहीबद्दल कोणी विचारलं, "आधी कोण बोलणार?", तर शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका. उठा. नाहीतर तुमच्या आवडत्या गोष्टीचं माझ्यासारखं होईल. नाव उरेल, पण दुसऱ्याच्या मागे, एका आडव्या रेघेला लटकलेलं.

ती रेघ सरळ आहे, असं सगळे म्हणतात. मला विचाराल, तर ती जराशी त्याच्याकडेच झुकली आहे.